पिवळा रॅक कुणाला विचारून केला?

अन्याय झाला तो माझ्या आईवर. गुढीपाडव्याच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी साडेबारा वाजता, कुरुळीतल्या आमच्या घराच्या अंगणात. सकाळची शाळा सुटून ती गाडी चालवत घरी आली होती. पर्स अजून खांद्याला होती, चावी हातात होती. आणि माझे बाबा आणि त्यांचा वेल्डर मित्र एक पिवळाजर्द लोखंडी सांगाडा दोन बाजूंनी धरून आमच्या गाडीच्या मागे बसवायला लागलेसुद्धा होते. तो सांगाडा म्हणजे सायकल न्यायचा रॅक. आईची सायकल, आई चालवते ती गाडी, वापरणार आई. आणि तो करताना आईला एका शब्दानं विचारलेलं नव्हतं.

कुणी म्हणेल, ह्याला काय अन्याय म्हणायचं? नवरा बायकोसाठी सुट्टीच्या दिवशी घाम गाळतो, त्याचं कौतुक करायचं सोडून ही पोरगी पत्रक काढतेय. कौतुक मी करणार आहे, पण त्याची जागा पुढे आहे. आधी झालं काय ते सांगते.

आई प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा हायवेच्या पलीकडच्या गावात. मी लहान असताना ती शाळेत सायकलनं जायची. मरून रंगाची लेडीज सायकल, पुढे जाळीची बास्केट, मागे कॅरिअरवर मी. पाय फाकवून बसायचं, चाकात घालायचे नाहीत, हा मी शिकलेला वाहतुकीचा पहिला नियम. चढ आला की आई सीटवरून उठून पेडल मारायची. तेव्हा तिच्या पदराचं टोक माझ्या तोंडावर यायचं आणि मला पुढचं काही दिसायचं नाही. तरी भीती म्हणून वाटायची नाही. डाव्या हाताला ज्वारीची रानं होती, रस्त्याला कड होती, आणि त्या कडेवर आमचा हक्क आहे हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

मग ती कड गेली. एका दिवसात गेली नाही. चाकणला कंपन्या वाढल्या, ट्रेलर वाढले, ट्रेलरना उभं राहायला जागा कुणी केली नाही, म्हणून ते कडेला उभे राहायला लागले. उरलेल्या कडेत पाइपलाइनसाठी चर खणला. खणलेली माती तिथंच ठेवली. आता सायकलवाल्यानं जायचं कुठून? चालत्या ट्रेलरच्या आणि उभ्या ट्रेलरच्या मधून. एका सकाळी वळणाऱ्या कंटेनरची शेपूट अंगावर येताना पाहून आईनं सायकलसकट खणलेल्या चरात उडी मारली. तिला लागलं नाही. बास्केट चेपली. ती घरी आली, साडी बदलली, वडाप रिक्षानं शाळेत गेली आणि पहिल्या तासाला पोहोचली. सायकल मात्र भिंतीला टेकली ती टेकलीच. वर्षभरानं हप्त्यांवर गाडी आली. गल्लीत पेढे वाटले. सगळे म्हणाले, प्रगती झाली. मला आज त्या पेढ्यांचा राग येतो. एका बाईला रस्त्यावरून हाकलून दिलं, तिनं मुकाट्यानं चारचाकी शिकून घेतली, आणि ह्याला आम्ही प्रगती म्हणालो.

मी चिंचवडला एका छापखान्यात काम करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, बारशाची निमंत्रणं. त्याच मशिनवर, मालकाच्या परवानगीनं, आमच्या गटाची पत्रकंही निघतात. आम्ही फूटपाथ आणि सायकल ट्रॅक मागतो. मागतो म्हणजे अर्ज करत नाही, मागतो. त्यामुळे सायकल हा विषय घरी निघाला की बाबा म्हणतात, "बसा आता. नेत्या बोलणार."

पण ह्या वेळी विषय मी काढला नव्हता. आईचं एका रविवारी रावेतला प्रशिक्षण होतं. तिथल्या रुंद रस्त्यांवर तिनं सकाळी सकाळी तिच्याच वयाच्या बायका सायकल चालवताना पाहिल्या. डोक्याला हेल्मेट, पायात बूट, दोघी-दोघी गप्पा मारत. घरी येऊन तिनं भिंतीकडच्या सायकलवरची ताडपत्री काढली. पुसली. कोपऱ्यावर नेऊन हवा भरून आणली. आणि रात्री जेवताना, आमटी वाढता वाढता म्हणाली, "मला रविवारी रावेतला सायकल चालवायचीय."

बाबा म्हणाले, "इथनं रावेत? हायवेनं? वेड लागलंय का?"

"सायकलनं नाही जाणार. गाडीनं जाणार. सायकल गाडीच्या मागे लावून. लोक लावतात, मी बघितलंय."

"मग उतरून चालवायची?"

"मग उतरून चालवायची."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे पाहिलं. सायकलला चालवण्याजोग्या रस्त्यापर्यंत मोटारीतून न्यायचं, ही गोष्ट माझ्या तोंडून आली असती तर गटातल्या पोरांनी मला जिवंत सोडलं नसतं. पुढे त्यांना कळलंच. "काय राव ताई, तुम्ही पेट्रोल जाळून सायकल चालवणार?" असं एकानं भर मीटिंगमध्ये विचारलं. मी म्हटलं, होय, चालवणार. ट्रॅक झाला की रॅक काढू. तोवर माझ्या आईनं काय भिंतीला टेकून उभं राहायचं?

आता इथली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर अडलं. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. बाबांना गुरुवारी, माझ्या छापखान्याला गुरुवारी. आईच्या शाळेला रविवारी. सण सोडले तर आमच्या घरातली तिघं एका दिवशी घरी नसतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. तर रविवारी आई एकटी. रविवारी सायकल गाडीवर चढवायची तर तिनं एकटीनं, रावेतला उतरवायची तर तिनं एकटीनं, आणि परत येताना पुन्हा तेच. तिची अट एवढीच होती आणि ती तिनं पहिल्याच रात्री सांगितली होती. "मला एकटीला जमेल असा घ्या." ह्यातला 'घ्या' सगळ्यांना ऐकू आला. 'एकटीला' कुणालाच नाही.

पहिल्यांदा दुकानात गेलो ते आम्ही दोघीच. रावेतला गिअरच्या सायकलींचं मोठं दुकान आहे, काचेचं. मी छापखान्यातून परस्पर गेले, आई शाळेतून गाडी घेऊन आली, मागची सीट पाडून त्यात कशीबशी सायकल कोंबून. पुढचं चाक डिकीतून बाहेर, डिकी दोरीनं बांधलेली. दुकानदार पोरगा तिशीचा, अंगात सायकलवाल्यांचा घट्ट टी-शर्ट. त्यानं आदरानं विचारपूस केली, गाडी पाहिली, आणि तीन प्रकार दाखवले. एक छतावर बसणारा. एक गाडीच्या खाली हूक जोडून त्यावर बसवायचा. आणि एक डिकीला पट्ट्यांनी बांधायचा, ज्याच्या दोन हातांवर सायकल तिच्या वरच्या दांड्यानं लटकते.

मग त्यानं आईची सायकल पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"काकू, ही नाही बसणार. हिला वरचा दांडा नाहीये."

"लेडीज सायकलला दांडा नसतोच," आई म्हणाली. "साडी नेसून टांग कुठनं टाकायची?"

"तेच ना काकू. रॅकला दांडा लागतो. लटकवायचं कशाला?"

"म्हणजे रॅक करणाऱ्यांना वाटलं, बायका सायकल चालवत नाहीत?" हे मी.

"मॅडम, मी करत नाही, मी विकतो."

"मग विकताना विचारा की त्यांना."

"मॅडम, माझ्या बायकोची पण अशीच सायकल आहे," तो म्हणाला. "घरीच आहे. बाल्कनीत."

त्याला ते विनोदी वाटलं नव्हतं, साधं उत्तर वाटलं होतं. मग तो म्हणाला की जोडायचा एक खोटा दांडा मिळतो, सीटखालच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत, मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. नाहीतर काकू, नवीन सायकल बघा ना, ही बघा, हलकी आहे. आईनं हलकी सायकल एका हातानं उचलून पाहिली, छान आहे म्हणाली, आणि आपली मरून सायकल परत डिकीत कोंबायला लागली.

घरी येऊन मी बाबांना सगळं रंगवून सांगितलं. जगातले सगळे रॅक पुरुषांच्या सायकलींसाठी केलेत, वगैरे. चूक तिथंच सुरू झाली. कारण बाबा चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला आहेत. फिक्स्चर करतात. फिक्स्चर म्हणजे अशी पोलादी चौकट, की जिच्यात गाडीचा सुटा भाग घट्ट बसवायचा आणि मग त्याला भोकं पाडायची किंवा वेल्डिंग मारायचं. भाग केसभरही हलता कामा नये. अशा माणसाला 'बाजारात मिळत नाही' असं सांगितलं की तो वाईट वाटून घेत नाही. तो खूश होतो.

"मिळत नाही ना? सोडा. आपण करू."

आमच्या भागात हे घराघरांत आहे. कुणाकडे दुकानातनं आणलेलं गेट सापडणार नाही, झोपाळा सापडणार नाही, कुंड्यांचा स्टँड सापडणार नाही. सगळं 'आपण केलेलं'. आणि सगळं असं भक्कम, की उद्या घर पडलं तरी कुंड्यांचा स्टँड उभा राहील.

पुढचे काही गुरुवार आमचं अंगण डिझाइन ऑफिस झालं. बाबा आणि त्यांचा वेल्डर मित्र. हा काका मूळचा कुरुळीचाच, घरची जमीन कंपनीत गेलेली, आता तिच्याशेजारीच वेल्डिंगचं शेड टाकून बसलेला. बोलतो मोठ्यानं, कारण ग्राइंडरच्या आवाजात बोलायची सवय. दोघांनी सायकल उलटी केली, सुलटी केली, खडूनं फरशीवर तिची आकृती काढली. दांडा नाही तर चाकांत धरू, असं ठरलं. दोन चाकांना दोन खाचा, मधल्या नळीला एक पकड.

"भाऊ, पाइप जाड घे," काका म्हणायचा. "रस्ता कसलाय माहीत हाय ना? खड्ड्यात सायकल पडली तर वैनी आपल्या दोघांना बांधतील मागं."

"जाड घेतलाय. अजून एक आडवा टाकू का?"

"टाक. लोखंडाला काय खायला लागतंय का?"

मी ओट्यावर बसून पत्रकाचा मजकूर तपासत होते आणि मला ते ऐकायला आवडत होतं. आई त्या वेळी शाळेत असायची. गुरुवार होता ना.

तर तो गुरुवार. आई गाडीतून उतरली. पिवळा रॅक दोघांनी धरून डिकीला लावला, बोल्ट आवळले, मग सायकल उचलून खाचांत ठेवली, पकड दाबली. खट्. काकानं रॅकला लोंबकळून दाखवलं. गाडी खाली बसली, रॅक हलला नाही.

"वैनी, आता सायकल काय, म्हैस बांधा मागं. हलायची न्हाई!"

"मला म्हैस न्यायची नाही भावजी," आई म्हणाली. तिनं पर्स पायरीवर ठेवली. रॅकभोवती एक फेरी मारली. "आता डिकी कशी उघडायची?"

बाबा म्हणाले, "डिकी कशाला उघडायचीय? उघडायची झाली तर रॅक काढायचा. चार बोल्ट. दोन मिनिटांचं काम."

"कुणाचं?"

"आमचं. मी आणि हा."

आईनं रॅकचा कोपरा धरून उचलायचा प्रयत्न केला. बोल्ट आवळलेले होते, तो हलणारच नव्हता, पण तिला काय कळायचं ते हाताला कळलं. "आणि रविवारी?"

"रविवारी..." बाबांनी काकाकडे पाहिलं. "तो रॅक गाडीवर राहू दे ना कायमचा. सायकल तेवढी मी शनिवारी रात्रीच चढवून ठेवीन."

"रावेतला उतरवून कोण देणार? परत चढवून कोण देणार?"

"तिथं कुणीतरी असतंच. वॉचमन असतो."

"मी दर रविवारी वॉचमन शोधू?"

बाबा आता चिडले. उन्हात सकाळपासून उभे होते, हाताला पिवळा रंग लागला होता. आणि त्या भरात ते बोलून गेले, "अगं, मग मी नसताना जातेसच कशाला?"

मी ओट्यावरून उठले होते. माझ्या तोंडात पूर्ण पत्रक तयार होतं, मथळ्यासकट. पण आईनं माझ्याकडे न बघताच तळहात खाली केला, शाळेत पोरांना बसवताना करते तसा. मी बसले.

ती बाबांना म्हणाली, "अहो, तुमच्या टूलरूममधनं फिक्स्चर बाहेर कधी पडतं?"

बाबांचं उत्तर तयारच होतं. वर्षानुवर्षं जेवताना आम्ही ते ऐकलंय. कुठलंही फिक्स्चर लाइनवर द्यायच्या आधी, ज्याला ते रोज वापरायचंय त्या ऑपरेटरला बोलवायचं. त्यानं स्वतःच्या हातानं भाग चढवायचा, उतरवायचा. कुणी मदत करायची नाही, सुचवायचं नाही. त्याला जमलं नाही तर फिक्स्चर नापास, मग ते कितीही अचूक असो. ह्यावरून बाबांनी साहेबांशी भांडणं केलीत. 'सायबांना चढवता येतंय म्हणून काय झालं, साहेब आख्खी शिफ्ट उभे राहणारेत का?' हे वाक्य आमच्या घरी मिठासारखं रोज असतं.

"ऑपरेटरनं चढवून दाखवल्यावर," बाबा म्हणाले.

"मग इथं ऑपरेटर कोण?"

बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. काका जमिनीकडे पाहत हळूच, म्हणजे त्याच्या मानानं हळूच, म्हणाला, "भाऊ, नापास झालं राव आपलं." आई आत गेली आणि तिनं आम्हा सगळ्यांची ताटं केली. काकाचंही. त्या दिवशी बेत मटकीचा होता. सगळे जेवले.

जेवण झाल्यावर बाबांनी चार बोल्ट काढले. पिवळा रॅक दोघांनी उचलून अंगणाच्या कोपऱ्यात नेला, आणि संध्याकाळी आईनं त्याच्यावर टॉवेल वाळत घातले. बरं वाटतंय, म्हणाली, वाऱ्यानं पडत नाहीत.

पुढचे चार-पाच दिवस बाबा घुम्यासारखे होते. मी त्यांना समजावायला गेले नाही. माणूस चुकला की त्याला लगेच बरं वाटेल असं काही बोलायचं, ही सवय घरातल्या बायकांनी आधी सोडायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. आईनंही काही बोलून दाखवलं नाही. कंपनीतून आले की बाबा मागच्या खोलीत काहीतरी घासत बसायचे, कानशीचा आवाज यायचा. विचारलं तर म्हणायचे, काही नाही.

पाडव्याला तिघांनाही सुट्टी. सकाळी गुढी उभारली, आणि बाबा स्वतःहून म्हणाले, "चला रावेतला. रॅक बघू." मग आईकडे वळून, "तू बघ. आम्ही फक्त येतो."

सायकल पुन्हा डिकीत कोंबून ते दोघं गाडीनं आले, मी बसनं. पाडव्याच्या दिवशी ते काचेचं दुकान म्हणजे देऊळ झालं होतं. नव्या सायकलींना झेंडूचे हार, हँडलला कुंकू, फोटो. दुकानदार घामाघूम. आम्हाला पाहून त्यानं ओळखलं. "काकू, तो दांडा अजून आला नाही हो."

"असू दे," आई म्हणाली. "मला तीनही रॅक पार्किंगमध्ये काढून द्या. मी लावून बघणार."

"काकू, मी लावून देतो ना."

"तुम्ही नाही. मी."

छतावरचा पहिला. आईनं सायकल छातीपर्यंत उचलली, खांद्यापर्यंत नेली, आणि तिथं थांबली. तिनं शांतपणे सायकल खाली ठेवली. "हा नाही." हूकवाल्याची माहिती तिनं पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, गाडीखाली काम करायला लागेल का? लागेल. "हा पण नाही." मग डिकीचा, पट्ट्यांचा. तो हलका होता, घडी व्हायचा. पट्ट्या कुठे अडकवायच्या हे तिनं कागदावरच्या चित्रात पाहिलं. पहिल्या खेपेला खालची पट्टी उलटी लागली आणि रॅक एका बाजूला कलंडला. दुकानदार पुढे झाला.

"काकू, थांबा, मी..."

"थांब तू," बाबा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले होते, शाळेतल्या विश्राम पोझिशनसारखे. "ऑपरेटरला हात लावायचा नाही."

"काय, काका?"

"ट्रायल चालूय. बघत राहा."

कौतुकाची जागा म्हटलं होतं ना, ती ही. आई पट्टी सोडवत होती आणि बाबांची बोटं पाठीमागे नुसती वळवळत होती. त्यांना तिथून दिसत होतं, कुठलं बक्कल आधी ओढायला हवं. ज्याला दिसतं त्यानं गप्प राहणं किती अवघड असतं हे मला चांगलं माहीत आहे. ते गप्प राहिले. दुसऱ्या खेपेला पट्ट्या नीट बसल्या. आईनं रॅक हलवून पाहिला, हलला नाही.

आता दांडा. बाबांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक बारकी, हलकी नळी काढली. तिला दोन टोकांना रबर लावलेल्या दोन पकडी. नट होते ते हातानं फिरवायचे, पाना लागत नव्हता. मागच्या खोलीत चार-पाच दिवस हेच चाललं होतं. त्यांनी ते लावलं नाही. आईच्या हातात दिलं.

"जमतंय का बघ."

आईनं एक टोक सीटखाली लावलं, दुसरं हँडलजवळ. नट फिरवले. मग थांबली, अंगठा चोखला. "इथं कडा टोचतेय."

"कुठं?"

"ही. डावीकडची."

बाबांनी मान डोलावली. जीन्सच्या खिशातून एक छोटी कानस काढली, पार्किंगच्या कठड्यावर बसले आणि ती कडा घासली. फुंकर मारून परत दिली. आईनं पुन्हा फिरवली. आता टोचत नव्हती. मग तिनं सायकल त्या खोट्या दांड्यानं धरून कमरेच्या वर उचलली, रॅकच्या दोन हातांवर टेकवली, पट्टे आवळले. गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. नंबर झाकला जात होता. तिनं पेडल वर फिरवलं, हँडल वळवलं, सायकल जरा सरकवली. नंबर दिसला, दिवे दिसले. मग सगळं उतरवलं आणि पुन्हा एकदा सगळं चढवलं, कारण परत येताना थकलेली असेन, म्हणाली, थकल्यावर जमतंय का तेही कळायला हवं.

"हा द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

दुकानदार त्या नळीकडे बघत होता. "काका, असा अजून एक करून द्याल? बायकोच्या सायकलला."

"करीन," बाबा म्हणाले. "पण तिला घेऊन ये. तिनं लावून बघितल्याशिवाय देणार नाही."

त्या रविवारी बाबा पहिल्या शिफ्टला, कंपनीच्या बसनं, उजाडायच्या आत गेले. मी छापखान्यात जायला निघाले तेव्हा आई अंगणात सायकल चढवत होती. सलवार-कमीज, जुने कॅनव्हासचे बूट, माझं हेल्मेट. शेजारच्या आजोबांनी कट्ट्यावरून मजा घेतलीच. "बाई, सायकल गाडीवर, तुमी गाडीत! मंग चालवायचं काय?"

"आधी गाडी, मग सायकल."

"व्हय, पण रस्त्यानंच जावा की सायकलीवर. पूर्वी जायच्या."

"तुमचा मुलगा ट्रेलर कडेला लावतो, आजोबा. तो काढायला सांगा, जाते."

आजोबा हसले आणि मग हसायचे थांबले, कारण ट्रेलर तिथंच होता, समोर. आईनं पट्टे ओढून बघितले, गाडीत बसली, आरसा नीट केला. मोशीकडे वळेपर्यंत मी बघत राहिले. मरून सायकल मागे झुलत नव्हती.

दुपारी मी फोन केला. ती घरी पोहोचली होती. किती चालवली विचारलं तर म्हणाली, मोजलं नाही. दम लागला, एका बाकावर बसले, केळं खाल्लं, परत चालवली. तिथल्या दोघी भेटल्या, त्यांनी विचारलं, कुणाबरोबर आलात? सांगितलं, कुणाबरोबर नाही. एवढंच. मग म्हणाली, कुकरची शिट्टी होतेय, ठेवते.

माझा राग गेलेला नाही. सायकल चालवायला मोटार लागते ह्या गोष्टीची मला रोज लाज वाटते, आणि ज्यांना ती वाटायला हवी त्यांना ती वाटेपर्यंत आमची पत्रकं निघत राहतील. पण सायकल ट्रॅकसाठी मला महापालिकेच्या दारात उभं राहावं लागतं. दुसऱ्या मागणीसाठी मला फक्त तुमच्या दारात उभं राहायचंय.

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे. रॅक असेल, पाण्याची मोटार असेल, गच्चीचं जड झाकण असेल, स्कूटी असेल. वापरते एक जण, निवडली दुसऱ्यानं, आणि ती चालू करायला, उचलायला, उघडायला तिला दर वेळी कुणालातरी हाक मारावी लागते. ह्या आठवड्यात तिला बोलवा. ती वस्तू तिच्या हातात द्या. सुचवू नका, पुढे होऊ नका. तिला एकटीला दोनदा करू द्या. आणि ती 'हे मला जमत नाही' म्हणाली, तर तिला शिकवत बसू नका. वस्तू बदला.